विडा लावून होईपर्यंत

संपादकांची फर्माईश अशी, की डॉक्टरी पेशातल्या काही रम्य आठवणी लिहा. ज्यांनी हा विषय काढला त्यांनी दवाखाना बाहेरूनच पाहिला असावा. गळू फुटतं तेव्हा त्यात रम्य काय असतं, हे त्यांनी एकदा येऊन मला दाखवावं. पण दिवाळी अंकात आपलं नाव छापून यावं ही हौस म्हाताऱ्या डॉक्टरलाही असते. तेव्हा लिहितो. रम्य नसेल, खरं असेल.

रत्नागिरीत खाडीच्या अंगाला एका दानशूर व्यापाऱ्याने बांधलेला धर्मार्थ दवाखाना होता, तिथे मी आयुष्य काढलं. गावात वैद्यकीचं कॉलेज तेव्हाही नव्हतं, आजही नाही. इथली हुशार मुलं त्यासाठी मुंबईला जात. पहिलं वर्ष संपलं की उन्हाळ्याच्या सुट्टीत बोटीने परत येत. बोट बंदरात लांब उभी राही. मग हे भावी धन्वंतरी नवे बूट हातात धरून पडावात उतरत आणि गुडघाभर पाण्यातून किनाऱ्याला लागत. दुसऱ्याच दिवशी त्यांचे तीर्थरूप माझ्याकडे हजर. "डॉक्टर, याची सुट्टी फुकट जाते आहे. जरा हाताखाली घ्या." त्यांच्या मुलाची सुट्टी फुकट जाऊ नये म्हणून माझा वेळ फुकट गेला तर चालत असे.

पहिल्या वर्षाच्या मुलाला काय येतं? बोलता येतं. मेलेल्या माणसाला टेबलावर निजवून वर्षभर त्याची चिरफाड केलेली असते. औषधात मुरलेला तो देह लोणच्यातल्या फोडीसारखा सगळा एकाच रंगाचा झालेला. धमनी कुठली आणि शीर कुठली हे कळावं म्हणून धमन्यांत तांबडा रंग भरलेला. तो देह ओरडत नाही, कूस बदलत नाही, "डॉक्टर, बरं वाटेल ना?" म्हणून विचारत नाही. त्यामुळे पोरांची अशी समजूत होते की माणसाचं अंग म्हणजे हेच: थंड, मुकाट आणि पुस्तकाबरहुकूम. धमनी उडते हे त्यांनी वाचलेलं असतं. उडणारी धमनी बोटाखाली कधी धरलेली नसते. आणि हे शिकवणारे मोठमोठे प्रोफेसर! त्यांतल्या कित्येकांना जिवंत रोगी पाहिल्याला इतकी वर्षं झालेली असत, की त्यांच्या समोर कुणी शिंकलं तरी ते दचकले असते.

अशा मुलांना मी शारीर, म्हणजे शरीराची रचना, शिकवायचो ती जिवंत माणसांवर, बाहेरच्या ओसरीवर बसलेल्या रोग्यांवर. पहिला आठवडा स्वतःच्या अंगावर. काखेत, कोपरात, मांडीच्या सांध्यात धमनी कुठे उडते ती डोळे मिटून शोधा. सापडेपर्यंत चहा नाही. वकिलांची, मामलेदारांची पोरं ओळीने मांडीच्या सांध्यात बोटं खुपसून उभी राहिलेली पाहून आमचा बाबल कंपाउंडर औषधाच्या खोलीत जाऊन हसत असे. या बाबलला हसण्यापलीकडे विशेष काही येत नव्हतं हेही सांगून टाकतो.

त्यानंतर रोगी. तिथे माझा एकच नियम होता. गाठ असो, सूज असो, आवाळू असो, आधी तिच्यावर तळहात ठेवायचा. दाबायचं नाही, चिवडायचं नाही, बोलायचं नाही. मी खिडकीत बसून पानाचा डबा उघडायचो. पान पुसायचो, देठ खुडायचो, चुना लावायचो, सुपारी कातरायचो आणि विडा दुमडायचो. विडा माझ्या तोंडात गेला की मुलाने हात उचलायचा आणि काय कळलं ते सांगायचं. नाव नाही सांगायचं. काय कळलं ते.

बाहेरच्या माणसाला हे म्हाताऱ्याचं खूळ वाटेल. पोरांनाही वाटायचं. पण हाताला कळायला वेळ लागतो. आधी कळते ती नुसती ऊब. मग परक्या हाताने आखडलेलं रोग्याचं अंग सैल होतं. मग कातडीखाली काय सरकतं, काय घट्ट आहे, ते लागायला लागतं. माझी सुपारी कातरून होत येते तेव्हा कुठे हात ऐकू लागतो. तोंड चालू असेल तर तेही नाही.

एक नमुना सांगतो. एक पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ उतरवणारा गडी, माडावरून पडून आला. खांदा निखळलेला. आंधळ्यालाही दिसावं अशी खांद्याची गोलाई जाऊन तिथे चपटं झालेलं. एका चिरंजिवांना मी पुढे केलं. त्यांनी हात ठेवला, डोळे मिटले आणि विडा होताच खांद्याच्या सगळ्या स्नायूंची लॅटिन नावं धडाधडा म्हणून दाखवली. शेवटी म्हणाले, "सर्व यथास्थित आहे." पाडेली बिचारा कण्हत कण्हत म्हणाला, "दादानू, तो खांदा बराच हाय. पडलाय तो ह्यो." पोराने धडधाकट खांदा धरला होता! चौकशी करता कळलं, की कॉलेजात चार मुलांत एक मढं वाटून देतात आणि याच्या वाट्याला उजवा हात आला होता. वर्षभर उजव्याच हाताशी संबंध आल्यामुळे माणसाला डावा हातही असतो हे त्याच्या लक्षातून गेलं होतं. हे चिरंजीव पुढे पास झाले, हे सांगायला नकोच.

पण या सगळ्यांत खरा हुशार म्हणावा असा एकच आला, मनोहर. गावातल्या एका बड्या वकिलांचा मुलगा. शारीरात कॉलेजात पहिला. गोरा, उंच, बोलण्यात कुणाला हार न जाणारा. अंगातली कुठलीही जागा विचारा, तिच्या वर काय, खाली काय, आत काय, हे तो न अडखळता सांगे, आणि एकही शब्द चुकत नसे. मला तो आवडायचा. म्हणूनच मी त्याला जास्त टोचायचो.

"डॉक्टरकाका," तो एकदा मला म्हणाला, "जे मी गाठ बघताक्षणी सांगू शकतो, त्यासाठी हात ठेवून उभं राहायचं म्हणजे तुमच्या पानासाठी रोग्याला ताटकळत ठेवायचं."

"बघताक्षणी सांगणारे मुंबईत पुष्कळ आहेत," मी म्हटलं. "त्यांनी सांगितल्यावर रोगी इकडे येतात. हात ठेव."

तो हात ठेवी, पण नजर खिडकीबाहेर. माझा विडा झाला की पाहिल्याबरोबर जे मनात आलं होतं तेच पुन्हा सांगे. बहुतेक वेळा ते बरोबर असे. हाच घोटाळा झाला. चार वेळा चुकला असता तर पाचव्यांदा शहाणा झाला असता.

मे महिना सरत आला होता. मचवे वर ओढून माडाच्या झापांनी शाकारायचं काम किनाऱ्यावर चाललं होतं. त्या दिवशी मला कोर्टात साक्ष होती. माझ्या हाताखालून गेलेल्या मारामारीतल्या एका जखमेबद्दल. जाताना मी बजावलं होतं, की ओसरीवर कोण येईल त्याला बसवून ठेवा, मलमपट्टी तेवढी करा.

त्या सकाळी नाटे गावाहून धाकू तांडेल आला. तांडेल म्हणजे मचव्याचा मुख्य. वल्ही, शीड, जाळी आणि माणसं यांवर त्याचा हुकूम चालायचा, आणि वाऱ्यात सुकाणूशी पाय रोवून उभा राहायचा तोही तोच. चाळिशीतला, काळा, ताठ माणूस. बायको बरोबर होती. गुडघ्याच्या मागे मोठी सूज. घरच्यांनी तिच्यावर अळशीची गरम पोटिसं बांधून बांधून कातडी लालभडक केलेली, ठसठसणारी. बघणाराला वाटावं, पिकलेलं गळू.

पुढचं मला बाबलने सांगितलं. तांडेल एवढंच म्हणाला होता, "कायव करा, पन माना पायावर उभा करा. नारली पुनवेला मचवा लोटाचा हाय. मी नसलो तर पोरांस्नी कोन नेनार?"

मनोहरने सूज पाहिली. दोन बोटांनी दाबली. आत पातळ हललं. "पू आहे," म्हणाला. बाबलने आपल्यापुरतं शहाणपण दाखवलं. "डॉक्टर येतीलच दुपारपर्यंत, थांबूया."

"पिकलेल्या गळवाला साक्षीपुरावा लागत नाही," मनोहर म्हणाला आणि तांडेलाच्या बायकोला ऐकू जाईल अशा आवाजात त्याने ती जागा म्हणून दाखवली. गुडघ्यामागची खोबण, तिच्या चार कडा, वर मज्जातंतू, त्याखाली शीर, आणि धमनी सगळ्यांत खोल, हाडाला टेकलेली. सूज तर वरवर आहे. म्हणजे धमनीला धोका नाही. बाबलने मुकाट्याने सुरी उकळून दिली.

त्यातलं अक्षर न् अक्षर बरोबर होतं. मेलेल्या माणसात धमनी तिथेच असते, खोल, हाडाला टेकून. जिवंत माणसात तिची भिंत कुठेतरी दुबळी होते, आतल्या रक्ताच्या जोराने तिला फुगा येतो आणि तो फुगा वाढत वाढत कातडीला येऊन टेकतो. टेबलावरच्या मढ्याला फुगा कुठून येणार? या फुग्यात रक्ताच्या गुठळ्या साचलेल्या असल्या तर तो जोराने उडतही नाही. तळहात ठेवून वाट पाहावी लागते, तेव्हा सबंध सूज हाताखाली किंचित फुलते आणि बसते. सुपारी कातरून होते तेवढा वेळ. बस्स, तेवढाच.

मनोहरने हात ठेवला नाही. सुरी ठेवली.

मी साक्षीच्या पिंजऱ्यात होतो. दवाखान्याचा गडी कोर्टाच्या दारात धापा टाकत येऊन उभा राहिला. त्याच्या धोतरावरचं रक्त न्यायाधीशांनी माझ्या आधी पाहिलं. त्यांनी हातानेच मला जा म्हणून सांगितलं.

मी पोचलो तेव्हा टेबलाखालची फरशी तांबडी झाली होती. बाबल कोपऱ्यात देवाचं नाव घेत बसलेला. तांडेलाची बायको नवऱ्याचं डोकं मांडीवर धरून होती. आणि मनोहर टेबलावर चढून, दोन्ही अंगठे तांडेलाच्या मांडीच्या सांध्यात रोवून, सगळा भार त्यांवर टाकून बसला होता. पहिल्या आठवड्यात मी त्याला जिथे धमनी शोधायला लावली होती, नेमकं तिथेच. रक्त थांबलं होतं. त्याला मी गप्प पाहिला तो तेव्हा पहिल्यांदा.

मांडीत वर छेद घेऊन मी धमनी बांधली. हेच काम फुगा न फोडता केलं असतं तर रक्त आडवाटेच्या बारीक धमन्यांमधून हळूहळू पायात उतरलं असतं, फुगा सुकला असता आणि पाय वाचला असता. मी असे पाय वाचवले होते. ते रोगी आपापल्या पायांनी घरी गेले होते. इथे मात्र पोटरी थंड पडत गेली. मग पाऊल काळं पडू लागलं. शेवटी मला गुडघ्याच्या वरून पाय कापावा लागला. बोलणारे पुष्कळ भेटले, की जीव वाचला हे काय थोडं झालं? त्यांना तांडेल ठाऊक नव्हता.

शुद्धीवर आल्यावर तो बराच वेळ चादरीकडे बघत पडला होता. मनोहर पायगती उभा होता. मी त्याला मुद्दामच तिथे उभा केला होता.

"डाक्तर," तांडेल म्हणाला, "आधी हात ठेवला असता, तर कलला असता?"

मला खोटं बोलता आलं असतं. "कळलं असतं," मी म्हटलं.

त्याने मनोहरकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

संध्याकाळी वकीलसाहेब आले. त्यांचं म्हणणं, की गळू आपोआप फुटलं असं म्हणायला काय हरकत आहे? मुलाचं आयुष्य आहे. तांडेलाची काय ती सोय आपण करू. मुलाचं आयुष्य! जसा काही तांडेल आयुष्याशिवायच जगत होता. मी म्हटलं, "वकीलसाहेब, माझी एक साक्ष आधीच अर्धी राहिली आहे. दुसरी द्यायची वेळ आणू नका." ते गेले आणि पुढे बरीच वर्षं रस्त्यात मला टाळत राहिले. त्याचा मला फायदाच झाला. तांडेलाने फिर्याद केली नाही. कोर्टकचेरीत जाऊन पाय उगवत नाही, एवढं त्याला कळत होतं.

पावसाळ्याआधीची शेवटची बोट गेली, तिच्यात मनोहर नव्हता. कॉलेज सुरू झालं तरी तो इथेच. रोज येऊन तांडेलाची जखम तो स्वतः धुवायचा, बांधायचा. तांडेल त्याला धुवू द्यायचा, पण एक शब्द बोलायचा नाही. जखम भरली तेव्हा मनोहर मोटारीने घाट चढून मुंबईला गेला. नारळी पौर्णिमेला नाट्याला मचवा लोटला तो तांडेलाच्या पुतण्याने. तांडेल म्हणे किनाऱ्यावर आलाच नाही.

थंडीत तो कुबड्या घेऊन जखम दाखवायला आला, तेव्हा त्याने आपण होऊन सांगितलं.

"तुमचा तो शिकाव डाक्तर आलेला दिवालीत. घरी."

"मग?"

"विडा ठेवलान माज्या म्होरं."

आमच्या किनाऱ्यावर ही रीत आहे. अपराध झाला तर ज्याचा केला त्याच्या घरी जाऊन त्याच्यापुढे पानाचा विडा ठेवायचा. त्याने तो घेतला की मनातलं किल्मिष गेलं. मग त्या गोष्टीचं पुन्हा नाव काढायचं नाही.

"घेतलास?"

"नाय घेतला." तांडेल कुबडीवर हनुवटी टेकून बसला. "हात नाय वलला, डाक्तर. त्यो उनं उतरस्तवर बसला. मंग विडा उचलून खिशात घातलान नि ग्येला."

घेतला असतास तर बरं झालं असतं, असं कुठल्या तोंडाने सांगणार? पाय त्याचा गेला होता.

मनोहर डॉक्टर झाला, चांगल्या गुणांनी झाला, आणि आम्हा सगळ्यांची अपेक्षा होती तसा दवाखाना थाटायचा सोडून मुंबईच्या कॉलेजात शारीर शिकवायला राहिला. ऐकून मला हसू आलं, कडवट हसू. एकदा हात पोळला तर जिवंत माणसाला भिऊन हा मढ्यांत जाऊन बसला! मढ्याचा पाय कितीही कापा, ते "कळलं असतं का?" म्हणून विचारत नाही. मी हे चारचौघांत बोलूनही दाखवलं. प्रोफेसर मंडळींबद्दल माझं मत आधीच होतं, त्यात आणखी एकाची भर पडली. त्यानेही मला कधी पत्र लिहिलं नाही. दर उन्हाळ्यात नवी पोरं येत राहिली, तशीच बडबडी, तशीच उतावळी.

आता मी दवाखाना सोडला आहे. दात पडले, पान खलबत्त्यात कुटून खावं लागतं. तरी सुट्टी लागली की एखादे तीर्थरूप पोराला घेऊन येतातच. माझ्या पाठीवर चरबीची एक गाठ आहे, निरुपद्रवी, बरीच जुनी. नव्या मुलाला मी सदरा काढून ती दाखवतो आणि म्हणतो, सांग. आजवर सगळ्यांनी हात लागायच्या आत तिचं नाव सांगितलं आहे. काहींनी तर ती कापायची तयारीही दाखवली.

गेल्या मेमध्ये एक मुलगा आला. आंजर्ल्याचा, किरकोळ, लाजरा. मी पाठ केली. तळहात येऊन गाठीवर बसला आणि तिथेच राहिला. बोलणं नाही. मी वाट पाहिली. शेवटी मीच चिडून म्हटलं, "अरे, झोप लागली की काय?"

"नाही," तो म्हणाला. "तुम्ही विडा नाही लावत?"

मी मान वळवून पाहिलं. "तुला कोणी सांगितलं विड्याचं?"

"आमचे सर लावतात." त्याने मनोहरचं नाव घेतलं. "चिरफाडीच्या खोलीत पाऊल ठेवायच्या आधी ते आम्हाला महिनाभर रुग्णालयात नेतात. रोग्यावर हात ठेवायला लावतात आणि समोर बसून विडा लावतात. तो होईपर्यंत बोललं की बाहेर काढतात. सगळी मुलं त्यांना टरकून असतात."

"पान खायला लागला का तो?" मी विचारलं.

"नाही. खात नाहीत. विडा टेबलावर ठेवतात. तास संपला की खिशात घालून नेतात. एकदा एका मुलाने गमतीने उचलला, तर सर म्हणाले, ठेव तो. ज्याचा आहे त्याने अजून घेतलेला नाही."

नाट्याचा धाकू तांडेल दोन पावसाळ्यांमागे वारला. हे मुंबईला कुणी कळवलं असेल असं वाटत नाही, आणि मीही त्या मुलाला सांगितलं नाही.

"हात काढू नकोस," मी म्हटलं, आणि पानाचा डबा पुढे ओढला.